छायेवरि संतोष

दर गुरुवारी दुपारी चार वाजता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आम्ही पाच-सहा जणी जमतो आणि तासभर मराठी कविता वाचतो. मंडळ म्हणण्यासारखे हे काही नाही. त्याला नाव नाही, वर्गणी नाही, आणि जेठात लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली की ते महिना-दीड महिना आपोआप बंदही पडते. ग्वाल्हेरात तीन-चार पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या घरांत मराठी बोलली जाते, पण वाचली जातेच असे नाही, आणि मुलांच्या शाळेत तर तिला जागाच नसते. म्हणून निदान आपण तरी वाचावी, एवढाच त्यामागचा हेतू. सुरुवात अर्थातच तांब्यांपासून झाली. भास्कर रामचंद्र तांबे या संस्थानचे राजकवी, ते १९४१ साली इथेच वारले, आणि त्यांच्या निवडक कविता आमच्यातल्या निम्म्या जणींना लता मंगेशकरांच्या आवाजात पाठ आहेत. ही शेवटची गोष्ट जितकी सोयीची तितकीच अडचणीची. चाल कानात अशी बसलेली असते की ओळ वाचायला घेतली तरी ती गायिलीच जाते, आणि एखाद्या शब्दापाशी थांबावे म्हटले तर चाल पुढे ओढून नेते. त्यामुळे मी एक नियम घालून दिला आहे: कविता आधी सपाट आवाजात, वाण्याची यादी वाचावी तशी वाचायची.

गेल्या थंडीत अशीच आम्ही 'नववधू प्रिया, मी बावरते' वाचायला घेतली. वाचणारी मी आणि समजावून सांगणारीही मीच, कारण एम. ए.ला मराठी घेतल्याचा ठपका आमच्यात फक्त माझ्यावर आहे. मी सांगितले, की ही वरवर पाहता सासरी निघालेल्या मुलीची कविता असली तरी नववधू म्हणजे जीव, प्रियकर म्हणजे परमात्मा किंवा त्याच्याकडे नेणारा मृत्यू, माहेर म्हणजे हा संसार आणि सासर म्हणजे परलोक. 'खरे घर ते' या शेवटच्या शब्दांत कवीने स्वतःच किल्ली हाती दिली आहे. परीक्षेत मी हेच लिहिले होते आणि मला त्याचे चांगले गुणही मिळाले होते. सगळ्या जणींनी माना डोलावल्या. काकूंनी मात्र पुस्तक स्वतःकडे ओढून घेतले, चष्मा वर सारून कविता पुन्हा मनाशी वाचली आणि म्हणाल्या, "ते तर ठीक आहे. पण तू फोटोचं कडवं गाळलंस."

मी ते खरोखरच गाळले होते. ते कडवे असे:

चित्र तुझे घेऊनि उरावरि
हारतुरे घालिते परोपरी,
छायेवरि संतोष खुळी करि,
तू बोलविता परि थरथरते!

काकू साताऱ्याच्या. साठ वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांच्या असताना, कल्याणला पंजाब मेल धरून त्या ग्वाल्हेरला आल्या. लग्न ठरले तेव्हा काकांना त्यांनी पाहिलेले नव्हते. पत्रासोबत एक फोटो आला होता, तो त्यांनी पाककृतींच्या पुस्तकात ठेवला होता आणि स्वयंपाकाच्या निमित्ताने त्या तो दिवसातून दहा वेळा पाहात. "त्या फोटोशी मी पुष्कळ बोलायची," त्या म्हणाल्या. "भांडणंसुद्धा झाली आमची. आणि हे समोर येऊन उभे राहिले तर मला मान वर करवेना. फोटो बरा होता, असं वाटलं बघ."

तीस वर्षे मी ही कविता ओळखते असे समजत होते, आणि तिच्यातली सर्वांत धारदार ओळ माझ्या हातून निसटली होती. माझ्या समीकरणात या चित्राचीही सोय होती: चित्र म्हणजे देवाची मूर्ती. तसे ते आहेच. पण 'चित्र म्हणजे मूर्ती' एवढे लिहून पुढे गेले की वाचकाच्या हाती एक उत्तर लागते आणि बाई दिसेनाशी होते. काकूंच्या आठवणीने ती पुन्हा दिसू लागली. छातीशी धरलेल्या चित्राला हार घालता येत नाही. त्यासाठी ते दूर धरावे लागते, कोनाड्यात नाहीतर पाटावर ठेवावे लागते. म्हणजे ही मुलगी ते चित्र कधी उराशी घेते, कधी समोर मांडून सजवते, पुन्हा उचलून घेते. 'परोपरी' या साध्या शब्दात ही सगळी हालचाल आहे. आणि हे इतके मन लावून चालले असताना ज्याचे चित्र आहे तो खरोखरच हाक मारतो, तेव्हा ती थरथरते. आयुष्यभर देवपूजा करणाऱ्या माणसाला देवाचे बोलावणे आल्यावर काय होते, हे तांब्यांनी एका मुलीच्या फोटोवेडातून सांगितले आहे, आणि तिला 'खुळी' म्हणताना तिची थट्टाही केली आहे. प्रतिमेत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी धडधडत राहतात. त्यांतल्या एकाला साल समजून सोलून टाकले की दुसऱ्यालाही ओल राहात नाही.

आपल्या घरांत हार घातलेली तसबीर म्हटली की आता वेगळेच काही मनात येते. तांब्यांच्या मनात ते होते असे मी म्हणणार नाही. पण मृत्यूवरची म्हणून ही कविता वाचताना तो हार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, हे मात्र खरे.

आपल्याकडच्या जुन्या काव्यशास्त्राला ही गोष्ट चांगली माहीत होती. 'गंगायां घोषः' हे त्यातले ठरलेले उदाहरण. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, असे म्हटले तर शब्दशः अर्थ लागत नाही, कारण प्रवाहावर कोणी घरे बांधत नाही. म्हणून 'गंगेच्या तीरावर' असा अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. इथे थांबले असते तर ते नुसते व्याकरण झाले असते. पण आनंदवर्धनाच्या परंपरेतले शास्त्रकार पुढे विचारतात, की मग सरळ 'तीरावर' असेच का म्हटले नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्याने त्या वस्तीला गंगेचा गारवा आणि पावित्र्य लागते, आणि ती व्यंजना. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की तीर हा अर्थ घेतल्यावरही पाणी सुकत नाही. ते तसेच वाहात राहते, म्हणून तर गारवा जाणवतो. कॉलेजात हे उदाहरण मी पाठ केले होते. पण त्या पाठांतराचा आणि तांब्यांच्या फोटोचा काही संबंध असेल असे तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही.

त्या दिवसापासून आमची वाचण्याची रीत बदलली. कवितेत जी वस्तू आली असेल ती आधी वस्तू म्हणूनच पाहायची. ती कशाची असते, कुठे ठेवतात, हातात कशी धरतात, हे ज्या कोणाला ठाऊक असेल तिने सांगायचे. अर्थाचे नंतर पाहू. 'मधु मागशि माझ्या सख्या, परी' या कवितेला ही रीत फार मानवली. मध संपला आहे, मधुघट रिकामे पडले आहेत, आता काव्य मागू नकोस, असे वय झालेला कवी सांगतो, हा तिचा सर्वपरिचित आशय. पण भांड्यांकडे पाहात वाचले की कविता वेगळीच दिसते. आधी मध होता तो घटांत भरलेला आणि पाजला तो कमळाच्या द्रोणातून. आता उरली आहे 'नैवेद्याची एकच वाटी', तीही दुधाची. घट, द्रोण आणि मग एक वाटी, असे माप उतरत जाते. मित्राला भरभरून पाजायचे ते आता देवापुढे ठेवण्यापुरते उरले. आणि पुढची ओळ तर खास घरातली आहे: 'देवपुजेस्तव ही कोरांटी बाळगी अंगणी कशी तरी.' कमळाच्या जागी कोरांटी! आमच्यातल्या एकीच्या अंगणात ती आहे. काटेरी झुडूप, फुलाला वास नाही, पण पाणी फारसे मागत नाही आणि थंडीत दुसरे काही फुलले नाही तरी देवाला चार फुले देते. 'कशी तरी' हे शब्द त्या झुडपाचे आहेत तसे म्हाताऱ्या माणसाच्या दिवस काढण्याचेही आहेत. पुढे 'मधु पिळण्या परि बळ न करी' म्हणताना पोळे पिळणारा हात दिसतो आणि पिळला जाणारा कवीही. 'तरुण-तरुणींची सलज्ज कुजबुज' आणि 'वृक्षझऱ्यांचे गूढ मधुर गुज' ही मित्राच्या मागण्यांची यादी म्हणजे तांब्यांच्या स्वतःच्या जुन्या कवितांचे विषय आहेत, हे तर आमच्या लक्षात आले ते दुसऱ्या वाचनात.

'जन पळभर म्हणतील हाय हाय' या कवितेवर आम्ही फार वेळ घालवला नाही. तिच्यात पाहण्यासारख्या वस्तू कमी आणि क्रियापदे फार: तळपतील, झळकतील, वाहतील, वर्षतील, पिकतील, पुसतील, लागतील, हसुनि खिदळतील. जग चालूच राहील हा विचार या 'तील'च्या रांगेनेच पटतो. प्रतिमेचे काम इथे प्रत्ययाने केले आहे. त्या गर्दीत एकच चित्र थांबून पाहावे असे आहे, 'पुन्हा तटावर हेच पाय' न उमटण्याचे. नदीकाठच्या ओल्या वाळूतला ठसा ज्याने पाहिला आहे त्याला त्यावर भाष्य नको.

'मावळत्या दिनकरा' हा मात्र माझा जुना सल होता. निवृत्तीच्या समारंभात ही कविता इतक्या वेळा ऐकली आहे, की मावळता दिनकर म्हटल्यावर शाल, श्रीफळ आणि हेडक्लार्कच डोळ्यांपुढे येतात. 'जो तो वंदन करी उगवत्या, जो तो पाठ फिरवि मावळत्या' ही तक्रार त्या प्रसंगाला चपखल बसते हे खरे. पण आमच्या रीतीप्रमाणे आधी अर्घ्य पाहिले. संध्या करणाऱ्या घरांत वाढलेल्या दोघी आमच्यात होत्या. त्यांनी सांगितले, की अर्घ्य सकाळी पूर्वेला तोंड करून देतात तसे सायंकाळी पश्चिमेला तोंड करूनही देतात. म्हणजे जग पाठ फिरवत असले तरी नित्यकर्म फिरवत नाही. कवी नवीन काही करत नसून लोक विसरले ते जुने कर्तव्य करतो आहे. दुसरी गोष्ट अशी, की अर्घ्याला ओंजळ लागते आणि ओंजळीत पाणी लागते. कवितेत पाण्याचा उल्लेख नाही. 'जोडुनि दोन्ही करा' एवढेच आहे. ती ओंजळ आहे की नुसता नमस्कार? जोडलेले तळवे पूर्ण मिटले तर पाणी राहात नाही. हा प्रश्न आम्ही तसाच सोडून दिला. पण त्या निमित्ताने 'कर' या शब्दाकडे लक्ष गेले: दिनकरातला करणारा, सूर्याचा किरण आणि वंदन करणाऱ्याचा हात, असे तिन्ही अर्थ त्या यमकात आहेत, आणि मावळत्या सूर्याचे कर आखडत असताना माणसाचे कर पुढे होतात.

या रीतीचा एक तोटाही आहे, तो कबूल केला पाहिजे. वस्तूंच्या नादी लागले की गप्पा फार होतात. कोरांटीवरून लोणच्यावर जायला आम्हाला पाच मिनिटे लागत नाहीत.

तांब्यांच्या 'लागले नेत्र रे पैलतिरी' या ओळीवरून 'पैल' हा शब्द आमच्या बोलण्यात आला आणि त्यावरून बालकवींचा 'औदुंबर'. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९१८ साली रेल्वेखाली सापडून गेले तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. 'औदुंबर' ही त्यांची कविता अवघ्या आठ ओळींची आहे आणि मराठीत तिच्याइतका खल क्वचितच दुसऱ्या आठ ओळींवर झाला असेल. औदुंबर म्हणजे विरक्त योगी, औदुंबर म्हणजे मृत्यूची छाया, औदुंबर म्हणजे कवीचे खिन्न मन, छे, हे तर निव्वळ निसर्गचित्र. यांतले प्रत्येक मत मी कधी ना कधी उत्तरपत्रिकेत लिहिले आहे. या वेळी आम्ही फक्त रंग मोजले. हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणे, काळा डोह आणि शेवटी लाटांवर पसरणारा 'गोड काळिमा'. हिरव्यातून निघून पांढऱ्या रेघेवरून नजर काळ्यापर्यंत येते. तांबडा रंग कुठेच नाही, आणि उंबराचे झाड ज्याने पाहिले आहे त्याला हे नवल वाटावे, कारण पिकल्या उंबरांचे लालसर घोस थेट खोडाला लगडलेले असतात. बालकवींनी झाड दाखवले, पण फळ दाखवले नाही. माणूसही दाखवलेला नाही. चार घरांचे चिमुकले गाव आहे, शेते आहेत, म्हणजे ती कसणारे कोणी तरी असणार, वाट आहे म्हणजे ती तुडवणारे असणार. पण सबंध चित्रात एकही माणूस नाही. ती वाट गावात शिरताना दिसत नाही, ती डोहाकडे चालली आहे. आणि तिथे माणसासारखे बसलेले कोण, तर झाड: 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.' त्या 'असला' शब्दावर मी अर्धा तास बोलू शकते. त्या दिवशी बोललेही. असा, या तऱ्हेचा, म्हणजे कसला? बोट दाखवून कवी गप्प झाला आहे. आरंभी ऐल आणि पैल असे दोन्ही तट त्याने मोजून सांगितले. औदुंबर त्यांतल्या कोणत्या तटावर आहे ते मात्र सांगितले नाही.

त्या गुरुवारी काकूंची नातसून चहा घेऊन आली होती. ती मुरैन्याची, माहेरची भाषा हिंदी, लग्नाला दोन वर्षे झालेली. मराठी समजते पण बोलायला लाजते. तिने हळूच विचारले, "औदुंबर माने?" मी म्हटले, "गूलर." ती म्हणाली, "अच्छा, जिसका फूल किसी को नहीं दिखता." मराठीतही क्वचित दर्शन देणाऱ्या माणसाला उंबराचे फूल म्हणतात, फूल असते ते फळाच्या पोटात, म्हणून दिसत नाही. पण गूलर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर जे येते ते औदुंबर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर येत नाही. आम्हाला पार दिसतो, पादुका दिसतात, दत्त दिसतो. मराठीने या एका झाडाला दोन नावे ठेवली आहेत. रानात असतो तो उंबर आणि देवळापुढे असतो तो औदुंबर, आणि बालकवींनी रानातल्या डोहाकाठी देवळातले नाव नेऊन ठेवले.

तेवढ्यात ती पुन्हा म्हणाली, "लेकिन मुक्तिबोध में तो औदुम्बर ही है, गूलर नहीं है." तिने हिंदीत एम. ए. केले आहे हे मला तेव्हा कळले. गजानन माधव मुक्तिबोध जन्मले ते १९१७ साली श्योपूरला, तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानात, मराठी घरात; त्यांचे पूर्वज जळगावकडून इकडे आलेले, म्हणजे बालकवींच्याच खानदेशातून. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले, हे हिंदीत. त्यांच्या 'ब्रह्मराक्षस' कवितेत शहराबाहेरच्या पडक्या जागी एक ओसाड बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे, तिच्या आतल्या गार अंधारात विद्वानाचे भूत अंगावरचा मळ जावा म्हणून सारखे अंग घासत बसले आहे, आणि बावडीभोवती 'खड़े हैं मौन औदुम्बर'. फांद्यांवर घुबडांनी सोडलेली घरटी. नातसुनेने त्या ओळी पाठ म्हणून दाखवल्या. हिंदीत लिहिताना त्यांना गूलर हा शब्द ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? पण त्या बावडीच्या काठावर लहानपणी घरात ऐकलेले नावच उभे राहिले. बालकवींचे झाड एकटे आहे आणि बसले आहे. मुक्तिबोधांची झाडे अनेक आहेत आणि उभी आहेत. एकाचे पाय पाण्यात, आणि दुसऱ्याच्या पाण्यात खोल खाली कोणी तरी आहे जे बाहेर येऊ शकत नाही. दोन्हीकडे पाणी काळे आहे, पण 'गोड' ते एकाच ठिकाणी.

मला वाटले, हाच विषय पुढच्या खेपेला नीट मांडावा: पूजेचे झाड आणि भुताचे झाड. मी तसे म्हणालेही. काकू कप खाली ठेवत म्हणाल्या, "वेगळं कशाला मांडायला हवं? वाडीला दोन्ही असतं." नरसोबाच्या वाडीला त्या लहानपणी आईबरोबर जात. औदुंबराखाली पादुका, समोर कृष्णा, घाटावर स्नानाला आलेली माणसे, आणि बाहेरची बाधा झाली म्हणून आणलेल्या बायका त्याच झाडाभोवती घुमत असत. रात्री धर्मशाळेत तो आवाज ऐकू येई आणि आई कानांवर पदर घाली. "आणि पुराच्या वेळी," त्या सांगू लागल्या, "पाणी चढत चढत देवळात यायचं. पादुकांवरून वाहायचं. एका वर्षी आम्ही तिथंच अडकलो होतो, तेव्हा मी पाहिलाय तो, तुझ्या कवितेतला. पाण्यात पाय सोडून."

नातसुनेला सगळे समजले नसावे, पण एवढे समजले. "आजी, पाणी कितना था?" तिने विचारले.

काकूंनी बसल्या जागेवरून गुडघ्याच्या वर हात नेऊन दाखवला, क्षणभर विचार केला, आणि हात आणखी चार बोटे वर घेतला.